लिथॉप्स आणि कोनोफायटम बियांपासून वाढवताना

लिथॉप्स आणि कोनोफायटम या खड्यांसारख्या दिसणाऱ्या बुटक्या, मांसल वनस्पती आहेत. लिथॉप्सचे बी रुजवणे फार अवघड असते अशी समजूत करून घेऊन अनेक जण या छंदाच्या उंबरठ्यावरूनच माघारी फिरतात. प्रत्यक्षात नीट जपलेले बी योग्य तापमान आणि ओल मिळाल्यावर आठवड्याभरात रुजू लागते आणि त्यासाठी खास कसब लागत नाही. कसब लागते ते त्यापुढच्या दोन-तीन महिन्यांत. टाचणीच्या डोक्याएवढ्या रोपाला तेव्हा सतत ओल हवी असते आणि तीच ओल त्याचा घातही करू शकते. म्हणून या लेखात तयारी आणि पेरणी आवश्यक तेवढीच सांगून रुजवणीनंतरच्या काळावर अधिक भर दिला आहे.

या वनस्पती मूळ ठिकाणी कशा जगतात

विल्यम बर्चेल या निसर्गअभ्यासकाने १८११ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील प्रिस्काजवळ जमिनीवरून एक वेगळ्या आकाराचा खडा म्हणून जे उचलले, ते लिथॉप्सचे रोप निघाले. लिथॉप्स आणि कोनोफायटम या दोन्ही प्रजातींना (म्हणजे जवळच्या जातींच्या गटांना) त्यांची आजची नावे वनस्पतिशास्त्रज्ञ एन. ई. ब्राउन यांनी १९२२ मध्ये दिली. पहिल्या नावाचा ग्रीक भाषेतील अर्थ ‘दगडासारखा चेहरा’ असा होतो, तर दुसऱ्याचा ‘शंकूसारखी वनस्पती’. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या कोरड्या भागांत दोन्ही प्रजाती आढळतात. परंतु कोनोफायटमच्या बहुतेक जाती हिवाळी पावसाच्या पट्ट्यातल्या आहेत, तर लिथॉप्सच्या अनेक जातींना उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पाऊस मिळतो. पेरणीची वेळ आणि तापमान ठरवताना हा फरक कामी येतो.

त्यांच्या बीजकोशाची रचना समजून घेतली तर पेरणीचे निम्मे नियम आपोआप कळतात. बीजकोश कोरडा असताना घट्ट मिटलेला राहतो. पावसाचे पाणी पडले की त्याच्या पाकळ्यांच्या आतील उती फुगतात, पाकळ्या बाहेरच्या बाजूला उघडतात आणि पुढचे थेंब आत आपटून बिया आजूबाजूला उडवतात. कोश वाळला की तो पुन्हा मिटतो. म्हणजे बी मातीत गाडले जात नाही, खड्यांच्या फटीत वरच्यावर पडते आणि पाऊस सुरू असतानाच पडते. म्हणूनच आपणही बी मातीने झाकायचे नाही आणि पेरल्यापासून रुजेपर्यंत ते एकदाही कोरडे पडू द्यायचे नाही.

बी निवडताना

पहिल्या पेरणीसाठी लिथॉप्समधील लेस्लिआय, ऑकॅम्पिई आणि सालिकोला, तर कोनोफायटममधील बायलोबम या जाती घ्याव्यात. त्या जोमदार आहेत आणि नवख्या हातून होणाऱ्या लहान चुका सोसतात. कोनोफायटम बर्गेरी ही कांद्याच्या आकाराची, जवळजवळ पारदर्शक दिसणारी जाती पाहिली की तीच हवीशी वाटते, हे मला ठाऊक आहे. ती निसर्गात दक्षिण आफ्रिकेतील अ‍ॅगेनिस परिसरातल्या अगदी छोट्या भागात उगवते, तिचे बी दुर्मीळ असते आणि ती एकाच डोक्याची राहते, त्यामुळे फुटवे वेगळे करून रोपे वाढवण्याची सोयही नसते. असे बी हाताशी आले तरी जोमदार जातींची एक पेरणी वर्षभर जगवून झाल्यावरच ते पेरावे.

झगझगीत निळ्या किंवा इंद्रधनुष्यी रंगांच्या लिथॉप्सची छायाचित्रे दाखवून विकले जाणारे बी घेऊ नये. ते रंग छायाचित्रात नंतर भरलेले असतात. या प्रजातीत राखाडी, तपकिरी, मातकट पिवळे, हिरवे आणि तांबूस रंग आढळतात. ऑप्टिका या जातीचा ‘रुब्रा’ हा प्रकार खरोखरच गडद तांबडा-जांभळा असतो, पण तो अपवाद आहे आणि तो त्याच नावाने विकला जातो.

संग्राहकाच्या दृष्टीने बियांच्या पाकिटावरील नोंद ही बियांइतकीच मोलाची असते. एकच जाती दोन वेगळ्या टेकड्यांवर वेगळ्या रंगाची आणि नक्षीची असू शकते, म्हणून अभ्यासकांनी प्रत्येक ठिकाणच्या रोपांना क्रमांक दिले. लिथॉप्सच्या बाबतीत डेझमंड आणि नॉरीन कोल या दांपत्याने दिलेले, ४०० च्या आसपास असलेले क्रमांक आजही जगभर वापरले जातात. बी घेताना जाती, ठिकाणाचा क्रमांक आणि काढणीचे वर्ष या तिन्ही गोष्टी विचाराव्यात, तसेच परागीभवन हाताने केले होते की कीटकांवर सोडले होते, हेही विचारावे. दुसऱ्या देशातून बी मागवायचे असेल, तर आपल्या देशाचे वनस्पती-आयातीचे नियम आधी पाहावेत.

निसर्गातून उपटलेले रोप कोणत्याही कारणाने घेऊ नये. विशेषतः २०१९ नंतर कोनोफायटमच्या चोरट्या उपशाने मूळ ठिकाणच्या रोपांच्या कित्येक वस्त्या उजाड केल्या आहेत, आणि काही जाती इतक्या लहान जागेत वाढतात की एका रात्रीत त्या नाहीशा होऊ शकतात. बियांपासून वाढवलेले प्रत्येक रोप त्या उपशाची गरज कमी करते.

लिथॉप्सचे बी अगदी ताजे असण्याचा आग्रह धरू नये. काढणीनंतर काही महिने कोरड्या जागी ठेवलेले बी बहुधा ताज्या बियांपेक्षा अधिक एकसारखे रुजते, आणि थंड व कोरड्या जागी ते कित्येक वर्षे उगवणक्षम राहते.

कुंडी आणि मिश्रण

सहा-सात सेंटिमीटर रुंद आणि निदान तितकीच खोल प्लास्टिकची चौकोनी कुंडी सोयीची पडते. उथळ तबक घेऊ नये, कारण रोप दिसायला मिलिमीटरभर असले तरी त्याचे मूळ झपाट्याने खाली जाते. शिवाय उथळ थर वरपासून खालपर्यंत एकदमच सुकतो.

मिश्रणात चाळलेला प्यूमिस किंवा परलाइट (दोन्ही हलके, सच्छिद्र खडे) आणि जाडसर धुतलेली वाळू मिळून तीन भाग, तर चाळलेले कोकोपीट एक भाग, असे प्रमाण ठेवावे. कोकोपीट आधी दोन-तीन वेळा साध्या पाण्यात धुऊन घ्यावे, कारण त्यात अनेकदा क्षार उरलेले असतात. शेणखत, गांडूळखत किंवा पालापाचोळ्याचे खत अजिबात घालू नये. या वनस्पतींना सुरुवातीला पोषणाची फारशी गरज नसते आणि सेंद्रिय भाग जितका जास्त, तितकी बुरशी आणि चिलटे जास्त. वरचा एक सेंटिमीटर एक ते दोन मिलिमीटर आकाराच्या कणांचा असावा, म्हणजे बी दोन कणांमधल्या फटीत अडकते आणि त्याच्या कोवळ्या मुळाला आधार मिळतो.

भरलेल्या कुंडीत उकळते पाणी दोनदा ओतून ते पूर्ण निथळू द्यावे आणि कुंडी झाकून थंड करावी. याने शेवाळाचे आणि बुरशीचे बरेचसे बीजाणू मरतात. एक इशारा मात्र द्यायला हवा: निर्जंतुक केलेल्या मिश्रणात नंतर बुरशी शिरली, तर तिला रोखणारे दुसरे जीव तिथे नसतात आणि ती फार वेगाने पसरते. त्यामुळे याच्या भरवशावर पुढची काळजी सैल करता येत नाही.

पेरणी

पेरणीसाठी दिवस उबदार आणि रात्री थंड असलेला काळ निवडावा. लिथॉप्ससाठी दिवसा २५ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि रात्री १५ च्या आसपास तापमान उत्तम ठरते. कोनोफायटमसाठी दोन्ही आकडे साधारण पाच अंशांनी कमी धरावेत. तापमान सतत ३० अंशांच्या वर राहिले, तर रुजवण मंदावते किंवा थांबते, म्हणून उष्ण प्रदेशात उन्हाळा सरल्यानंतरचा काळच योग्य होय. दिवस आणि रात्र यांतील फरक महत्त्वाचा आहे. चोवीस तास एकाच तापमानावर ठेवलेल्या कुंडीत रुजवण अनेकदा रेंगाळते.

लिथॉप्सचे बी सुमारे अर्धा मिलिमीटर असते आणि कोनोफायटमचे बहुधा त्याहूनही बारीक. मधोमध घडी घातलेल्या पांढऱ्या कागदावर बी घ्यावे, त्यात चमचाभर कोरडी बारीक वाळू मिसळावी आणि कागदाला हलक्या टिचक्या मारत संपूर्ण पृष्ठभागावर ते विखरावे. सात सेंटिमीटरच्या कुंडीत ५० ते १०० बिया खुशाल पेराव्यात. ही रोपे दाटीत चांगली वाढतात, कारण दाट मुळे ओल एकसारखी शोषतात आणि कुठेही ओलसर कोपरा उरत नाही. चार-पाचच बिया पेरलेल्या कुंडीत ओलीचे गणित सांभाळणे उलट कठीण जाते.

वरून पाणी घालू नये, कारण बी वाहून एका कडेला गोळा होते. पावसाच्या किंवा क्षारविरहित पाण्याच्या ताटात कुंडी ठेवावी, पृष्ठभाग काळपट दिसू लागला की काढून निथळू द्यावी आणि पारदर्शक झाकणाच्या डब्यात किंवा पिशवीत बंद करावी. उजेड भरपूर पण थेट ऊन नसलेली जागा द्यावी. बंद डब्यावर थेट ऊन पडल्यास आतील तापमान काही मिनिटांत रोपे शिजवण्याइतके वाढते. दिव्याखाली ठेवणार असाल, तर रोज १२ ते १४ तास उजेड पुरेसा आहे. नावाची पट्टी याच वेळी लावावी आणि ती शिसपेन्सिलीने लिहावी. शाईच्या कायम टिकणाऱ्या म्हणवल्या जाणाऱ्या पेनाची अक्षरे एक-दोन वर्षांत उन्हाने उडून गेल्यामुळे माझ्याकडील दोन कुंड्यांतील रोपे आज निनावी आहेत. ती सुंदर आहेत, पण त्यांचे बी मी कोणालाही जातीच्या नावाने देऊ शकत नाही.

रुजल्यानंतरचे दहा आठवडे

लिथॉप्सची पहिली रोपे साधारण चौथ्या ते दहाव्या दिवशी दिसतात, कोनोफायटमला दोन-तीन आठवडेही लागू शकतात. दिसते तो दोन बीजपत्रे एकमेकांना चिकटून तयार झालेला मांसल हिरवा गोळा असतो आणि त्याच्या माथ्यावर केसाएवढी चीर असते. ज्या रोपाचे मूळ जमिनीत न शिरता वरच आडवे राहिले असेल, त्याच्या मुळाशी बारीक वाळूचे चार कण सोडावेत. त्याला चिमट्याने उचलू नये.

बहुतेक रोपे दिसल्यावर, म्हणजे दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, झाकण काढण्याची प्रक्रिया सुरू करावी आणि ती आठ-दहा दिवसांत पूर्ण करावी. पहिल्या दिवशी बोटभर फट ठेवावी, पुढे दिवसा उघडे व रात्री बंद, आणि अखेरीस पूर्ण उघडे. हे लांबवले तर कोंदट हवेत रोपे फुगीर आणि नाजूक होतात व बुरशीला निमंत्रण मिळते. घाई केली, तर काही मिलिमीटरच खोल गेलेले मूळ ज्या थरात आहे तो थर काही तासांत सुकतो आणि रोप मरते. नवोदितांच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुका या दोन टोकांपैकी एकीकडे झुकलेल्या असतात. माझ्या अनुभवात दुसऱ्या टोकाची चूक अधिक होते, कारण ‘या वाळवंटी वनस्पती आहेत, त्यांना पाणी कमीच द्यायचे’ हे मोठ्या रोपांबद्दलचे खरे वाक्य आपण बाळरोपांना लावतो.

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, ती स्थिती आठव्या आठवड्यापर्यंत टिकवायची असते: मिश्रणात ओल आहे, पण कणांच्या मध्ये हवाही खेळते आहे. त्यासाठी वार ठरवून पाणी देऊ नये. तीन खुणा पाहाव्यात. पृष्ठभागाचा काळपट रंग फिका पडू लागला की वरचा थर सुकत आहे. कुंडी उचलल्यावर हलकी लागली, तर खालची ओलही संपत आली आहे. आणि रोपाच्या बाजूंवर भिंगातून बारीक सुरकुती दिसली, तर मुळांना पाणी मिळत नाही. चौथ्या आठवड्यापर्यंत पहिली खूण दिसताच ताटातून पाणी द्यावे. चौथ्या ते आठव्या आठवड्यात ती खूण दिसल्यानंतर काही तास थांबावे. आठव्या आठवड्यानंतर दुसऱ्या खुणेची वाट पाहून आणखी एक दिवस जाऊ द्यावा. असे टप्प्याटप्प्याने लांबवत गेल्यास मुळे ओलीच्या मागे खाली उतरतात. तिसऱ्या खुणेपर्यंत मात्र पहिल्या चार महिन्यांत कधीही पोहोचू नये.

उजेडाबद्दल रोपे स्वतःच सांगतात. बुटका, जमिनीला बसका गोळा हवा. तो लांबट होऊन बाजूला कलंडला, तर उजेड कमी पडतो आहे. रोपे तांबूस पडून त्यांची वाढ थांबली, तर उजेड किंवा ऊन अति होत आहे. जागा बदलायची असल्यास ती आठवड्याभरात हळूहळू बदलावी. कलंडलेली रोपे पुन्हा उभी होत नाहीत, म्हणून त्यांच्या मानेपर्यंत बारीक खड्यांचा थर द्यावा. खरे तर सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वच कुंड्यांना असा एक-दोन मिलिमीटर कणांचा थर दिल्यास रोपांना आधार मिळतो आणि शेवाळही दबते.

या काळातील तीन शत्रूंपैकी पहिला म्हणजे मर. एखादे रोप काचेसारखे पारदर्शक होऊन बसते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या भोवतीची पाच-दहा रोपे तशीच झालेली असतात. दिसताक्षणी ती रोपे भोवतीच्या सेंटिमीटरभर मिश्रणासह चमच्याने उचलून टाकावीत, कुंडी पूर्ण उघडी करून वारा खेळता ठेवावा आणि उरलेल्या भागावर कॅप्टनसारख्या बुरशीनाशकाची वेष्टनावरील सूचनेनुसार फवारणी करावी. दुसरा शत्रू शेवाळ. ते रोपांना विष देत नाही, पण पृष्ठभागावर पापुद्रा धरून लहान रोपांना गुदमरवते आणि पाणी व हवा अडवते. दाभणाने पापुद्रा फोडून पृष्ठभाग काही तास कोरडा ठेवणे, हाच त्यावर चांगला इलाज आहे. तिसरा शत्रू म्हणजे मातीवर घोंगावणारी काळी बारीक चिलटे. त्यांच्या अळ्या कोवळी मुळे आणि गोळ्याचा तळ कुरतडतात. पिवळे चिकट सापळे लावल्याने उडणारी चिलटे कमी होतात, पण अळ्यांसाठी बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस हे जैविक औषध पाण्यात मिसळून द्यावे लागते.

पहिली कात

काही महिन्यांनी माथ्यावरची चीर रुंदावते आणि आतून खऱ्या पानांची पहिली जोडी वर येते. जुना गोळा आपले पाणी नव्या पानांना देत सुकतो आणि कागदासारखा पातळ होऊन गळतो. एकाच कुंडीतील रोपे दोन-दोन महिने मागेपुढे कात टाकतात, त्यामुळे मागे राहिलेली रोपे आजारी आहेत असे समजू नये. मोठ्या लिथॉप्सचे पाणी या काळात पूर्ण तोडतात, कारण पाणी मिळाल्यास जुनी पाने सुकतच नाहीत आणि नवी पाने त्यांच्या कवेत अडकतात. बाळरोपांकडे तेवढा साठा नसतो, म्हणून त्यांचे पाणी तोडायचे नाही, फक्त दोन पाण्यांमधले अंतर दीडपट करायचे. जुने साल हाताने ओढून काढण्याचा मोह टाळावा.

कोनोफायटमची रोपे पहिल्या उन्हाळ्यात सुकलेल्या सालीच्या आत लपून मेल्यासारखी दिसतात. त्यांना फेकून देऊ नये. अशा कुंड्या सावलीत, हवेशीर जागी ठेवून आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी हलका फवारा द्यावा. रात्री थंड होऊ लागल्या की साल फाडून हिरवे माथे पुन्हा वर येतात.

खत द्यायचेच असेल, तर चौथ्या महिन्यानंतर, नत्र कमी असलेले विद्राव्य खत शिफारशीच्या चौथाई मात्रेत आणि महिन्यातून फार तर एकदा द्यावे.

पुनर्लागवड

वर्ष पूर्ण होण्याआधी रोपे हलवण्याचे कारण नाही. त्यानंतर वाढीचा हंगाम सुरू होताना कुंडी ओली करून संपूर्ण गड्डा बाहेर काढावा आणि बोथट काडीने मुळे न तोडता रोपे सुटी करावीत. नवी कुंडी आठ-दहा सेंटिमीटर खोल असावी आणि रोपे स्वतःच्या रुंदीएवढे अंतर राखून गटानेच लावावीत. माथा खड्यांच्या पातळीला, मान खड्यांच्या आत. दोन-तीन दिवस पाणी न देता तुटलेली मुळे भरू द्यावीत आणि मग ताटातून पाणी द्यावे. दाटी नसेल, तर हे काम आणखी एक वर्ष पुढे ढकलले तरी चालते. मी तेच पसंत करतो.

स्वतःचे बी धरणे

लिथॉप्सला साधारण तिसऱ्या वर्षापासून फुले येऊ लागतात, कोनोफायटमच्या मंद जातींना अधिक काळ लागतो. बहुतेक जाती स्वतःच्या परागाने फळत नाहीत, म्हणून एकाच क्रमांकाची किमान दोन वेगळी रोपे एकाच वेळी फुललेली हवीत. पहिल्या पेरणीत बिया भरपूर घ्याव्यात, असे मी सांगतो त्याचे हेही एक कारण आहे. लिथॉप्सची फुले दुपारनंतर उमलतात, कोनोफायटमच्या काही जातींची मात्र रात्री. बारीक कुंचल्याने पराग एका फुलावरून दुसऱ्यावर आणि परत पहिल्यावर न्यावा, आणि कीटक येऊ नयेत म्हणून दोन्ही रोपे बारीक छिद्रांच्या जाळीखाली ठेवावीत. वेगळ्या जातीचा पराग आला, तर संकर तयार होतो आणि क्रमांकाला अर्थ उरत नाही.

बीजकोश पक्व व्हायला लिथॉप्समध्ये आठ-नऊ महिने लागतात. तो वाळून तपकिरी झाला, की खुडून एका वाटीभर पाण्यात टाकावा. काही मिनिटांत तो उघडतो आणि ड्रॉपरने पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्यास बिया तळाशी बसतात. त्या गाळणकागदावर पसरून सावलीत दोन दिवस वाळवाव्यात आणि कागदाच्या पुडीत भराव्यात. पुडीवर जाती, ठिकाणाचा क्रमांक, दोन्ही पालक रोपांची खूण आणि काढणीचा महिना व वर्ष शिसपेन्सिलीने लिहावे. हे लिहिणे पुडी बंद करण्याच्या आधी करावे.